मान कुठल्या बाजूला पडली

हरेश्वरची मान उजवीकडे पडली की डावीकडे, यावर अंगणात एकमत होण्याची वाट पाहिली असती तर तो तिथंच गेला असता. तसं झालं नाही, कारण घरात एक व्यक्ती अशी होती जिला या घराच्या रीती अजून पुरत्या समजल्या नव्हत्या.

ती व्यक्ती म्हणजे हरेश्वरची सून, प्रितेशची बायको संजना. लग्नाला पाच वर्षं झाली तरी ती बाहेरचीच, साताऱ्याकडची. कौलाच्या दिवशी तिचं काम ठरलेलं असायचं. ओट्याच्या कडेला उभं राहायचं, सासूनं, कृष्णाबाईनं, हात पुढे केला की हळदीकुंकवाचं ताट द्यायचं आणि आपलं मत स्वतःजवळ ठेवायचं.

कौल वर्षातून एकदा. देवी हरेश्वरच्या अंगात यायची. त्याला वारं म्हणायचे आणि ज्याच्या अंगात वारं येतं त्याला झाड. झाडासमोर प्रश्न मांडायचा. मान उजवीकडे कलली तर होकार, डावीकडे कलली तर नकार. त्यावर अपील नाही. घराचं हे न्यायालय एकच दिवस भरायचं, पण तिथं तारीख पे तारीख नव्हती, ही गोष्ट मान्य करायला हवी.

या वर्षी मुख्य प्रश्न प्रितेशचा होता. कामण रस्त्याला लागून असलेलं भाताचं शेत गोदामवाल्याला भाडेपट्ट्यानं द्यायचं की नाही. प्रितेशला द्यायचं होतं. त्याची मोठी बहीण विनिता वसईच्या एका शाळेत शिकवायची. तिला द्यायचं नव्हतं. दोघंही शांत होती, कारण निर्णय त्यांना घ्यायचाच नव्हता.

ढोलवाले अजून चहा पीत होते. हरेश्वर नुकताच आंघोळ करून पाटावर बसला होता आणि एकदम त्याला दरदरून घाम फुटला. हात थरथरले, डोळे वर गेले.

"या वर्षी लवकर आली," कृष्णाबाई म्हणाली. पाहुणी आधीच्या गाडीनं यावी तसं. तिनं पदर सावरला. "संजना, ताट दे."

"आई, ढोल वाजला नाही अजून."

"ढोल तिच्यासाठी नसतो. लोकांसाठी असतो."

प्रितेशनं संधी साधली. पुढे सरकून त्यानं हात जोडले आणि शेताचा प्रश्न एका दमात विचारला. भाडेपट्ट्याच्या अटींसकट. देवीला एवढं कायदेशीर मराठी कळतं की नाही याची त्याला फिकीर नव्हती. प्रश्न संपता संपता हरेश्वरची मान गळाली.

"उजवीकडे," प्रितेश म्हणाला.

"डावीकडे," विनिता म्हणाली.

"ताई, तू समोर उभी आहेस. तुला उलटं दिसतंय."

"मी गेली किती वर्षं समोरच उभी राहते. मला सरळ दिसतं. माझ्या वेळी तर अगदी सरळ दिसलं होतं."

विनिताची वेळ सगळ्यांना आठवत होती. सहा वर्षांपूर्वी तिनं याच पाटासमोर विचारलं होतं, की शेजारच्या गावातल्या ग्लेनशी लग्न करू का. मान डावीकडे गेली. विनितानं कौल पाळला. ग्लेननं दोन वर्षं वाट पाहिली आणि तो न्यूझीलंडला गेला. विनिता शाळेत गेली. अजूनही रोज जाते.

"आधी खाली आली, मंग डावीकडं गेली," हरेश्वरचा धाकटा भाऊ जयवंत म्हणाला. "मी बाजूनं बगितली. पन मला वाटतं आनखी एकदा इचारावं."

संजनानं तेवढ्यात ताट खाली ठेवलं आणि सासऱ्याचं मनगट धरलं. झाडाला वारं असताना हात लावायचा नसतो, हे तिला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं.

"नाडी मोजताच येत नाही," ती म्हणाली. "इतकी पळतेय. हात बर्फासारखा आहे. प्रितेश, गाडी काढ."

"संजना, तो देवीचा..."

"देवी येईल मागून रिक्षानं. तू गाडी काढ."

*

डॉ. गॉडफ्रे वसईतल्या त्या खासगी रुग्णालयात हृदयरोगतज्ज्ञ होता. त्याचं घर खाडीच्या पलीकडच्या गावात. हरेश्वरच्या शेतातल्या चिंचा चोरून तो लहानाचा मोठा झाला होता, त्यामुळे तो त्याला काका म्हणायचा. त्यानं ईसीजी एकदा पाहिला, हरेश्वरला झोपेचं इंजेक्शन दिलं, छातीवर दोन पट्ट्या लावून शॉक दिला आणि नंतर हात धुऊन घरच्यांना आपल्या खोलीत बोलावलं. पाच खुर्च्या कमी पडल्या, कारण ढोलवालेही आले होते. त्यांना बाहेर बसवलं.

"सात वर्षांपूर्वी काकांना अटॅक आला होता," गॉडफ्रे म्हणाला. "तेव्हा एक नळी उघडून आपण स्प्रिंग टाकली. बरोबर?"

"बरोबर," कृष्णाबाई म्हणाली. "तवापासून तब्येत चांगली हाय."

"नळी उघडली, पण तोवर हृदयाचा एक तुकडा मेला होता. तिथं वण आहे. आतली वीज त्या वणाभोवती गोल गोल फिरायला लागली, की खालचे कप्पे स्वतःच्या मर्जीनं पळत सुटतात. इतक्या जोरात, की रक्त भरायला वेळच मिळत नाही. मेंदूला कमी पोचतं. घाम येतो, डोळे फिरतात, मान पडते."

"कुठल्या बाजूला?" प्रितेशनं विचारलं.

गॉडफ्रेनं त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. "खाली," तो म्हणाला.

मग त्यानं गोळ्यांची चौकशी केली. ठोके आवरणारी गोळी चुकली होती का? कृष्णाबाईनं अभिमानानं सांगितलं, की एकही गोळी कधी चुकलेली नाही. ती स्वतः हातावर ठेवते. फक्त कौलाआधीचे पाच दिवस सोडून. त्या दिवसांत झाडाला उपास असतो. फळ चालतं, दूध चालतं, औषध चालत नाही.

"दर वर्षी पाच दिवस बंद?"

"दर वर्षी. आमी नियम मोडत नाय."

"आणि अटॅकच्या आधी काकांच्या अंगात देवी कशी यायची?"

"ढोल वाजला की सावकाश यायची. कधी दिवस मावळेपर्यंत वाट बघायला लागायची. कधी यायचीच नाय, मंग पुढच्या वर्षी." कृष्णाबाई थांबली. तिला आपल्याच वाक्यात काहीतरी खटकलं होतं. "ही सात वर्सं मात्र एकदापन चुकली नाय."

"ही गोळी अशी एकदम बंद केली की हृदय उसळतं," गॉडफ्रे म्हणाला. "त्यात आत वण. ती चुकायची नव्हतीच."

प्रत्येक जण मनातल्या मनात सात वर्षं मागे जात होता. प्रितेशची नवी गाडी. जयवंतची विहीर. विनिताचा ग्लेन. संजनाचा हिशेब सगळ्यात आधी झाला.

"आमच्या लग्नाला पण कौल लावला होता ना?" ती नवऱ्याला म्हणाली. "म्हणजे मला पसंत तुम्ही कुणी केलंच नाही. बाबांच्या वणानं केलं."

"उजवीकडे पडली होती," प्रितेश म्हणाला.

"नशीब माझं."

गॉडफ्रेनं पुढचं सांगितलं. उद्या आधी अँजिओग्राफी, नळ्या पुन्हा बघायच्या. मग एक यंत्र बसवायचं. काडेपेटीहून थोडं मोठं. ते गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत राहतं. ठोके बेफाम झाले की ते त्यांना लगाम घालतं, आणि लगाम मानला नाही तर आतूनच शॉक देतं. आज घरातून निघायला आणखी उशीर झाला असता तर ही सगळी चर्चा वेगळ्या ठिकाणी झाली असती.

"पन काका नको म्हनतात," तो शेवटी म्हणाला. गावच्या माणसांशी बोलताना त्याचा ण कधीकधी गावाला जायचा. "शुद्धीवर आल्यावर पहिलं तेच बोलले. तुम्ही समजवा. आणि तोवर त्यांना त्रास होईल असं काही बोलू नका."

*

समजवायला आधी स्वतःला समजावं लागतं. कॉरिडॉरमधल्या बाकावर ती प्रक्रिया सुरू झाली.

प्रितेशला तासाभरापूर्वी शेताचा होकार मिळाला होता. आता एक डॉक्टर सांगत होता, की तो होकार नव्हता, लक्षण होतं. विनिताचं म्हणणं, मिळाला तो नकारच होता. पण डॉक्टरच्या म्हणण्यानुसार तिलाही काहीच मिळालं नव्हतं. अंगणात एकमेकांविरुद्ध उभे असलेले बहीणभाऊ कॉरिडॉरमध्ये प्रथमच एका बाकावर बसले. दोघांनाही देवी हवी होती. उजवी-डावी नंतर बघता आली असती.

"दुसऱ्या डॉक्टरला दाखवू," प्रितेश म्हणाला. "हे लोक मशीन विकायला बसलेले असतात."

"गॉडफ्रेला काय कळतं आपल्या देवीतलं," विनिता म्हणाली. एरवी ती शाळेत मुलांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावायची.

ऑपरेशनच्या बाजूनं मग उरले कोण? संजना, आणि जयवंत. जयवंतची माया बघून संजनाला भरून यायचंच बाकी होतं. तो फेऱ्या मारत होता आणि प्रत्येक फेरीला तेच म्हणत होता. "दादाचा जीव वाचायला पायजे. यंत्र बसवाच. खर्चाचं मी बगतो."

"काका, तुम्ही विहिरीच्या पंपाला पैसे दिले नव्हते," प्रितेश म्हणाला.

"पंप आनी भाऊ एक हाय का?"

या मायेचं कारण कृष्णाबाईनं सांगितलं. ती बाकाच्या टोकाला बसून हातातली पिशवी घडी घालत होती आणि उलगडत होती. "झाडाच्या अंगावर लोखंड चालत नाय," ती म्हणाली. "कौलाच्या दिवशी ते घड्याळ काढतात. किल्ल्या काढतात. बनियनची पिनसुद्दा. छातीत यंत्र बसलं की पाट सुटला. पुढचं झाड मंग भावजी."

जयवंतनं फेरी थांबवली. "मी कुठं मागितला पाट? देवीनं बोलावलं तर नाय कसं म्हनायचं, येवडंच."

"म्हणून बाबा नको म्हणतायत," संजना म्हणाली.

"मंग दुसरं काय," कृष्णाबाई म्हणाली. "पाट गेला तर ते कोन? चष्मा हरवनारा एक म्हातारा."

"ते यंत्र लोखंडाचं नसतं, टायटॅनियमचं असतं," प्रितेशनं मोबाईलवर शोधून सांगितलं. आता त्याला एक मधली वाट दिसू लागली होती, बाप वाचेल आणि पाटही राहील अशी. "देवीला टायटॅनियम चालतं का, ते विचारता येईल."

"कोणाला विचारणार?" संजना म्हणाली.

प्रश्न रास्त होता. मग बराच वेळ टायटॅनियमवर खल झाला. जयवंतच्या मते धातू तो धातू. प्रितेशच्या मते जे गंजत नाही ते लोखंड नव्हे, आणि देवीच्या काळात टायटॅनियम नसल्यामुळे तिची त्याला हरकत असण्याचं कारण नाही. बाहेर बसलेल्या ढोलवाल्यांचंही मत घेण्यात आलं. त्यांनी जाऊ का, असं विचारलं.

"काका," संजना शेवटी म्हणाली, "सात वर्षांपूर्वी बाबांच्या नळीत जी स्प्रिंग टाकली, ती कशाची होती?"

जयवंतचा हात आपोआप स्वतःच्या छातीवर गेला.

सात वर्षं घरात सगळे तिला स्प्रिंगच म्हणत होते. हरेश्वर लोकांना छातीवर बोट ठेवून दाखवायचा, इथं स्प्रिंग आहे म्हणून. दर वर्षी पाटावर बसण्याआधी बनियनची पिन काढून कृष्णाबाईच्या हातात द्यायचा. पिन मोजली गेली, स्प्रिंग कुणाच्या मनातही आली नाही.

"म्हंजे नियमानं बगितलं तरी," जयवंत हळूच म्हणाला, "सात वर्सं देवी आलीच नाय."

पाट आपल्याला सात वर्षांपूर्वीच मिळायला हवा होता, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. पण विनिता उठून गेली होती. तिला आता डॉक्टरच्या बाजूनंही तेच ऐकू आलं होतं आणि देवीच्या बाजूनंही.

*

हरेश्वर जागा होता. डोक्यामागच्या पडद्यावर हिरवी रेघ चालली होती, आणि तो मान वळवून ती वाचायचा प्रयत्न करत होता. आपल्याबद्दल इतरांना दिसतं आणि आपल्याला दिसत नाही, ही गोष्ट त्याच्या सवयीची नव्हती. त्याची सवय उलटी होती, इतरांचं त्याला दिसायचं.

"कोन? विनू? बस."

विनिता बसली नाही.

"बाबा, यंत्र नको म्हणालास?"

"नको."

"मरशील."

"पाटावर गेलो तर चांगलंच हाय. सगळ्यांना नाय मिळत तसं." तो हे सहज बोलला. कौल संपल्यावर लोकांची समजूत काढताना त्याचा आवाज असाच यायचा. फक्त हॉस्पिटलच्या निळ्या झग्यात तो तितका शोभत नव्हता. "गॉडफ्रेला मी इचारलं, यंत्र बसवल्यावर देवी येईल का. तर म्हनतो, काका, तो माझा विभाग नाय."

"एक विचारू?"

हरेश्वरनं तिच्याकडे पाहिलं आणि त्याला काय येतंय ते कळलं. माणसं प्रश्न घेऊन समोर उभी राहिली की कशी दिसतात, हे त्याच्याइतकं कुणी पाहिलेलं नव्हतं.

"माझ्या वेळी," विनिता म्हणाली, "तुला आजच्यासारखंच झालं होतं?"

डॉक्टरनं त्रास होईल असं बोलू नका म्हणून सांगितलं होतं. तिनं आवाज खाली ठेवला होता, एवढीच काळजी तिनं घेतली.

नाही म्हणणं सोपं होतं. नाही म्हटलं असतं तर तो झाड राहिला असता आणि तिची सहा वर्षं देवीच्या नावावर गेली असती. देवीवर कुणी दावा लावत नाही. हो म्हटलं तर ती छातीतल्या एका वणाच्या नावावर जात होती. आणि तो वण समोर खाटेवर होता.

पडद्यावरची रेघ जरा घाईत चालली आणि पुन्हा जागेवर आली.

"मला ठाऊक नाय," तो म्हणाला. "मला त्या वेळेचं काय आठवत नाय, विनू. कधीच आठवत नाय. मी उठलो की तुमी लोक सांगायचे मान कुठं पडली ते. मी म्हनायचो, बरं."

"बरं म्हणायचास."

"दुसरं काय म्हननार? सगळ्यांना पटलेलं असायचं." त्यानं चादरीचं टोक ओढलं. "तूपन गप उभी होतीस. मला वाटलं, तुलाही पटलं."

विनिताला हसू आलं, पण ते बाहेर आलं तेव्हा हसू राहिलं नव्हतं. तिनं खिडकीकडे तोंड केलं. खाली पार्किंगमध्ये ढोलवाले शेवटी रिक्षा ठरवत होते, आणि रिक्षावाला ढोलाचं वेगळं भाडं मागत होता.

"मला नव्हतं पटलं," ती खिडकीकडे बघत म्हणाली. "एक दिवस पण नाही."

"मंग बोल्ली का नाय?"

"कोणाला बोलू? देवीला?"

हरेश्वरनं उशीवरची मान तिच्याकडे वळवली. त्यानं विचारलं, "आता काय करायचं? तुला काय पायजे?"

आयुष्यभर सगळ्यांनी त्याला विचारलं होतं. त्यानं कुणाला काही विचारल्याचं या घरात कुणाच्या ऐकिवात नव्हतं. विनिताही गोंधळली. मग स्टूल ओढून खाटेजवळ बसली.

"मला तुझ्यावर रागवायचंय," ती म्हणाली. "नीट. मोठ्यानं. ग्लेनबद्दल, आणि त्याच्यानंतरच्या सगळ्याबद्दल. सहा वर्षांचं आहे, एका दिवसात व्हायचं नाही."

"मंग रागव."

"आत्ता नाही. गॉडफ्रे म्हणालाय, तुला त्रास होईल असं बोलायचं नाही. मी एक शब्द बोलायची आणि तुझी मान पडायची. मग परत सगळे भांडणार, कुठल्या बाजूला पडली."

"आनी यंत्र बसल्यावर?"

"मग चालेल. लगाम आहे म्हणतात त्याला."

हरेश्वरनं छातीवर हात ठेवला. पाट जाणार होता. जयवंत त्यावर बसणार होता, पिन काढून, मोठ्या भक्तिभावानं. आणि आपण ओट्यावर लोकांमध्ये. विनितानं त्याला घाई केली नाही. शाळेत उत्तर न येणाऱ्या मुलांसमोर ती अशीच थांबायची.

"लई बोलशील?" त्यानं विचारलं.

"सगळं बोलेन."

"तुझ्या आईसमोर?"

"सगळ्यांसमोर."

हरेश्वरनं मान हलवली. उजवीकडे नाही, डावीकडेही नाही.

"गॉडफ्रेला सांग," तो म्हणाला, "उद्या सकाळी पहिला नंबर माझा लाव."